राधानगरी–दाजीपूरमध्ये मार्गदर्शकासह निसर्गमुक्काम : केंद्र, हंगाम आणि वाटाड्या कसा निवडावा

कोल्हापुरातील एका शिक्षिकेने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. घरात पती, नऊ आणि चौदा वर्षांची दोन मुले आणि गुडघेदुखी असलेल्या सासूबाई आहेत. सर्वांनी मिळून राधानगरी–दाजीपूर परिसरातील एखाद्या निसर्ग केंद्रात दोन रात्री राहून, मार्गदर्शकाबरोबर वन्यजीव पाहावेत असा त्यांचा विचार आहे. तीन केंद्रांची माहितीपत्रके त्यांनी मागवली. तिन्हींवर बिबट्याचे आणि गव्याचे छायाचित्र आहे, दरांत मात्र जवळजवळ दुपटीचा फरक आहे. स्वतःची गाडी असताना मार्गदर्शकाचे पैसे का द्यावेत, कोणत्या महिन्यात जावे, प्राणी दिसण्याची खात्री किती आणि मुलांना व वृद्धांना घेऊन जाणे सुरक्षित आहे का, असे त्यांचे उपप्रश्न आहेत. या जंगलात पाहुण्यांना घेऊन फिरण्याचे काम मी बरीच वर्षे करत आलो आहे, त्या आधारावर हे उत्तर देत आहे.

माझे मत सुरुवातीलाच सांगतो. केंद्राची निवड माहितीपत्रकावरच्या प्राण्यावरून करू नका, तेथे तुमच्याबरोबर कोण चालणार आहे आणि तो तुम्हाला किती वेळ एका जागी थांबवणार आहे यावरून करा. दरांतील फरकाचे कारणही बहुतेक वेळा हेच असते. एका मार्गदर्शकामागे सहा पाहुणे असलेले केंद्र आणि वीस पाहुणे असलेले केंद्र यांचा खर्च सारखा येऊच शकत नाही, आणि वीस जणांच्या रांगेत मागे चालणाऱ्या मुलाला पुढच्या माणसाच्या पाठीशिवाय फारसे काही दिसत नाही.

हे आपल्याच जंगलाच्या बाबतीत इतके महत्त्वाचे का, ते समजून घेतले पाहिजे. कोल्हापूरची पुष्कळ कुटुंबे एकदा ताडोबाला जाऊन आलेली असतात आणि तीच अपेक्षा मनात धरून दाजीपूरला येतात. ताडोबाचे जंगल कोरडे, पानगळीचे. उन्हाळ्यात त्यातून लांबवर नजर पोहोचते आणि तेथे गाडीतून फिरणे फलदायी ठरते. राधानगरीचे जंगल सदाहरित आणि निमसदाहरित आहे. अंजनी, जांभूळ, पिसा, हिरडा, खाली कारवीचे रान आणि वर वेलींचे जाळे अशी त्याची घडण असल्यामुळे रस्त्याच्या कडेपासून थोड्याच अंतरावर उभा असलेला गव्यासारखा अजस्र प्राणीसुद्धा दिसत नाही. अशा ठिकाणी डोळ्यांआधी कान कामाला येतात. वानरांचा इशारा, भेकराचे भुंकणे, शेकरूची खडखडाटासारखी ओरड, धनेशाच्या पंखांचा दुरून ऐकू येणारा सूं सूं आवाज हे सर्व आपल्या कानांवरही पडत असते. पण त्यांतला कोणता आवाज बिबट्यामुळे आला, कोणता आपल्यामुळे आणि कोणता नुसत्या आपापसांतील भांडणाचा, हे ओळखायला त्या जंगलात वाढलेला माणूस लागतो. स्वतःच्या गाडीने येणाऱ्यांना मार्गदर्शकाची गरज का, याचे उत्तर यातच आहे. शिवाय अभयारण्यात वनखात्याच्या परवानगीशिवाय प्रवेश करता येत नाही आणि आत फिरण्यासाठी खात्याने ठरवून दिलेली व्यवस्थाच वापरावी लागते, त्यामुळे गाडी स्वतःची असली तरी ती फाटकापर्यंतच उपयोगाची आहे असे समजावे.

हे जंगल टिकले त्याचा इतिहासही पाहुण्यांनी जाण्याआधी मुलांना सांगावा. दाजीपूरचे रान पूर्वी कोल्हापूर संस्थानच्या शिकारीसाठी राखलेले होते. १९५८ साली ते गव्यांसाठी अभयारण्य झाले आणि १९८५ साली त्याची हद्द वाढवून राधानगरी वन्यजीव अभयारण्य करण्यात आले. आज त्याचे क्षेत्र सुमारे ३५१ चौरस किलोमीटर आहे. शाहू महाराजांनी भोगावतीवर बांधायला घेतलेले राधानगरी धरण आणि दूधगंगेवरचे काळम्मावाडी धरण या दोन जलाशयांच्या मध्ये आणि भोवती हे रान पसरलेले आहे. २०१२ साली पश्चिम घाटातील ज्या स्थळांना युनेस्कोने जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली, त्यांत महाराष्ट्रातून कास, कोयना आणि चांदोली यांच्याबरोबर राधानगरीचाही समावेश झाला. कोल्हापूर शहराचे पिण्याचे पाणी आणि जिल्ह्याचा ऊस ज्या पाण्यावर अवलंबून आहे, ते पाणी याच डोंगरांतून येते. मुलांना हा संबंध कळला की त्यांचे जंगलातले वागणे आपोआप बदलते, असा माझा अनुभव आहे.

आता खात्रीविषयी. बिबट्या दिसण्याची खात्री कोणी देत असेल तर ते केंद्र यादीतून काढून टाका. बिबट्या येथे आहे, अस्वल आहे, रानकुत्री आहेत, पिसोरी हे सशाएवढे हरीण आहे, खवले मांजर आहे. सह्याद्री व्याघ्र प्रकल्पापासून खाली गोवा–कर्नाटकाच्या जंगलांकडे जाणाऱ्या वाघांच्या संचारमार्गावर हा भाग येतो. पण हे सर्व प्राणी बहुतांशी रात्री किंवा दाट झाडीत वावरतात आणि दोन दिवसांच्या मुक्कामात त्यांतला एखादा दिसला तर तो योग समजावा. ज्यांची अपेक्षा रास्तपणे ठेवता येते ते म्हणजे गवा, शेकरू, वानर, रानकोंबडा, राखी धनेश, पहाटे माणसाने शीळ घालावी तसा गाणारा मलबारी कस्तूर, आणि योग्य महिन्यात गेल्यास काजवे व फुलपाखरे. उरलेल्यांच्या खुणा मात्र जवळजवळ रोज भेटतात. मऊ मातीत उमटलेला नखांच्या खुणा नसलेला बिबट्याचा पंजा, अस्वलाने उकरलेले वारूळ, फळांच्या बियांनी भरलेली त्याची विष्ठा, झाडाच्या सालीवरचे ओरखडे हे वाचायला शिकलेला मुलगा रिकाम्या हाताने परत येत नाही.

गव्याविषयी सविस्तर लिहितो, कारण या मुक्कामाचे खरे केंद्र तोच आहे आणि त्याच्याविषयीच लोकांच्या मनात सर्वांत जास्त गैरसमज आहेत. पूर्ण वाढलेला नर काळाभोर, खांद्यापाशी जवळजवळ माणसाच्या उंचीचा आणि हजार किलोच्या आसपास वजनाचा असू शकतो. मादी तपकिरी आणि आकाराने लहान असते, वासरे सोनेरी तांबूस असतात, आणि मोठ्यांच्या चारही पायांना गुडघ्याखाली पांढरे मोजे घातल्यासारखा रंग असतो. कळपाचे पुढारपण सहसा जाणत्या मादीकडे असते. वयस्क नर बराच काळ एकटे किंवा दोघे-तिघे मिळून फिरतात आणि माजाच्या काळात कळपात येतात. गवत, कारवी, बांबूचे कोंब आणि झाडांची साल हे त्यांचे खाणे. सकाळी ऊन चढेपर्यंत ते सड्यांवरच्या, म्हणजे डोंगरमाथ्यावरच्या सपाट खडकाळ पठारांवरच्या, गवतात चरतात, भर दुपारी दाट सावलीत बसून रवंथ करतात आणि दुपार कलल्यावर पुन्हा बाहेर येतात. त्यांना क्षारांची ओढ असते, त्यामुळे खारी माती चाटण्याच्या ठरावीक जागांवर ते पुन्हा पुन्हा येतात, आणि उन्हाळ्यात इतर पाणी आटले की जलाशयाच्या फुगवट्याच्या कडेला उतरतात. हे वेळापत्रक ज्याला पाठ आहे तो मार्गदर्शक तुम्हाला दिवसभर हिंडवत नाही. तो पहाटे सावराईसारख्या सड्याच्या कडेला किंवा दुपारनंतर पाण्याजवळ, वारा आपल्याकडे येत असेल अशा बाजूला, दोन तास बसवतो.

वाऱ्याची बाजू हा मुद्दा पुस्तकी नाही. गव्याचे नाक फार तीक्ष्ण असते. वारा आपल्याकडून त्याच्याकडे वाहत असेल तर तुम्ही कितीही शांत असलात तरी कळप दिसण्याआधीच निघून जातो. म्हणून चांगला मार्गदर्शक निघण्यापूर्वी चिमूटभर धूळ किंवा सुके गवत हवेत सोडून पाहतो आणि अत्तर लावलेल्या पाहुण्याला नम्रपणे तोंड-हात धुऊन यायला सांगतो. कळप समोर आला की अंतर कमी करण्याचा मोह पाहुण्यांना होतो. येथे मार्गदर्शकाचा शब्द अंतिम मानावा. गव्याने मान वर करून तुमच्याकडे रोखून पाहिले तर त्याने तुम्हाला ओळखले आहे, तेथेच थांबावे. त्याने जोराने फुसकारा टाकला तर कळपाला इशारा गेला आहे. सावकाश मागे सरावे. एकटा नर अंग आडवे करून, पाठीचा उंचवटा दाखवत, ताठ पायांनी तिरका चालू लागला तर पाहुण्यांना ते देखणे वाटते, पण तो धाक दाखवत असतो आणि अशा वेळी छायाचित्र काढत उभे राहणे धोक्याचे आहे. मादी आणि तिचे वासरू यांच्या मध्ये कधीही येऊ नये. गवा स्वभावाने माणूस टाळणारा प्राणी आहे. माणसे दगावण्याच्या घटना बहुधा तो कोंडला गेल्यावर, घेरला गेल्यावर किंवा अचानक समोरासमोर आल्यावर घडतात. डिसेंबर २०२० मध्ये पुण्याच्या कोथरूड भागात वाट चुकून आलेला गवा बघ्यांच्या गर्दीपुढे तासनतास पळत राहिला आणि पकडल्यानंतर मरण पावला. पन्हाळा, शाहूवाडी, गगनबावड्याच्या उसात गवे उतरल्याच्या बातम्या आपण नेहमी वाचतो. तेथे जमणारी गर्दी पाहिली की मला वाटते, जिल्ह्यातल्या प्रत्येक मुलाला एकदा तरी सड्यावर लांब बसून शांत चरणारा कळप पाहायला मिळाला पाहिजे, म्हणजे गवा दिसताच मोबाइल घेऊन त्याच्यामागे धावण्याची बुद्धी त्याला होणार नाही.

केंद्र निवडताना फोनवर काय विचारावे, याकडे आता वळतो. पहिला प्रश्न नोंदवहीचा. रोज काय दिसले, कोठे दिसले, किती वाजता दिसले याची वही केंद्रात ठेवली जाते का, आणि गेल्या पंधरवड्यातील नोंदी वाचून दाखवाल का, असे सरळ विचारा. ज्या वहीत काही दिवशी काहीच दिसले नाही असेही लिहिलेले असते, ती वही आणि ते केंद्र विश्वासार्ह समजावे. अनेक केंद्रे आता पक्ष्यांच्या नोंदी ईबर्डवर आणि फुलपाखरांच्या, बेडकांच्या नोंदी आयनॅचरलिस्टवर, म्हणजे कोणालाही पाहता येणाऱ्या संकेतस्थळांवर, टाकतात. तुमचा चौदा वर्षांचा मुलगा त्या निघण्यापूर्वीच पाहू शकेल आणि कोणत्या महिन्यात काय दिसते याची यादी स्वतः तयार करू शकेल.

दुसरा प्रश्न, मार्गदर्शक कोठला आहे. राधानगरीच्या डोंगरांत धनगरवाडे आहेत, जंगलालगतच्या गावांतील तरुण वनखात्यात हंगामी काम करतात, आणि या लोकांना पाणवठे, जुन्या वाटा, कोणत्या वर्षी कोणते उंबर केव्हा फळते ही माहिती पिढीजात असते. शास्त्रीय नावे येणारा शहरातील अभ्यासक आणि रान जाणणारा स्थानिक माणूस असे दोघे बरोबर असतील तर उत्तमच. पण दोघांतून एकच निवडायचा असेल तर मी दरवेळी स्थानिक माणूस निवडेन. त्याला दिवसाला किती मोबदला मिळतो आणि जेवण गावातील बचत गटाच्या बायका करतात की बाहेरचा ठेकेदार, हे विचारायला संकोच करू नका. ज्यांच्या शेतात गवा रात्री येतो, त्यांच्या घरात पाहुण्यांमुळे चार पैसे येत असतील तर गव्याला त्या गावात वैरी कमी राहतात. जेवणही त्यामुळे चांगले मिळते; नाचणीची किंवा ज्वारीची भाकरी, हुलग्याची आमटी, खर्डा, ताक आणि जमल्यास आजऱ्याचा घनसाळ भात.

तिसरा प्रश्न, केंद्र काय करत नाही. पक्ष्यांना बोलावण्यासाठी मोबाइलवर त्यांचेच आवाज वाजवले जातात का, हे विचारा. विणीच्या दिवसांत असा आवाज ऐकला की नराला आपल्या हद्दीत दुसरा नर शिरल्याचे वाटते आणि तो खाणे-भरवणे सोडून शोधत फिरतो. दर शनिवारी-रविवारी हेच झाले तर त्या घरट्याचे नुकसान ठरलेले असते. धनेशाच्या बाबतीत तर अधिकच काळजी हवी. मादी झाडाच्या ढोलीत स्वतःला विष्ठा, माती आणि फळांच्या गराने लिंपून घेते, एक चिंचोळी फट तेवढी उघडी ठेवते आणि कित्येक आठवडे ती आणि पुढे पिल्लेही नराने आणून दिलेल्या फळांवर अवलंबून असतात. ढोलीखाली माणसे उभी राहिली तर नर जवळ येत नाही, फळ चोचीत धरून लांब बसून राहतो. घरटे दाखवतो असे आमिष देणाऱ्या केंद्रापेक्षा, फळलेल्या उंबराखाली लपणात (प्राण्यांना दिसू नये अशा आडोशात) बसवून धनेश खाताना दाखवणारे केंद्र कितीतरी चांगले. मांसाचे तुकडे टाकून प्राणी जवळ आणणे, रात्री प्रखर झोताचे दिवे घेऊन गाडी फिरवणे, साप हातात धरून दाखवणे यांपैकी काहीही होत असेल तर तेथे जाऊ नये. यांतील काही गोष्टी १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हाही ठरतात.

हंगामाबाबत लोक एकच उत्तर मागतात, पण प्रत्येक महिना वेगळे काही देतो. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हवा स्वच्छ व थंड असते, स्थलांतरित पक्षी आलेले असतात, चालणे सुखाचे होते. गवत मात्र उंच असते. मार्च ते मे हा काळ उकाड्याचा, पण गवे पाण्याजवळ येण्याचा आणि धनेशांच्या विणीचा असतो, आणि जांभूळ, करवंद, फणस पिकल्यामुळे झाडांखाली व झाडांवर सतत हालचाल असते. बुद्धपौर्णिमेच्या रात्री मचाणावर बसून पाणवठ्यावरचे प्राणी मोजण्याची जुनी पद्धत होती. आता प्राणिगणना कॅमेरा सापळे (प्राणी समोरून गेला की आपोआप छायाचित्र घेणारे कॅमेरे) आणि ठरावीक रेषांवरून चालून केलेल्या पाहणीने होते, आणि मचाणावरची ती रात्र निसर्गानुभव म्हणून राहिली आहे. तिच्यासाठी वनखात्याकडे आधी नोंदणी करावी लागते. लहान मुलांना मी ती सुचवत नाही, कारण रात्रभर न बोलता बसणे नऊ वर्षांच्या मुलाला शिक्षा वाटते.

मे महिन्याच्या अखेरीपासून जूनच्या मध्यापर्यंत, पहिल्या पावसाच्या आसपास, काजवे येतात. हिरडा, जांभूळ, उंबर अशा एखाद्या झाडावर हजारो नर एका लयीत उजळतात आणि विझतात, ते दृश्य शब्दांत सांगण्यासारखे नाही आणि प्रत्येक मुलाने पाहावे असे आहे. पण काजव्यांच्या नावाने होणाऱ्या गर्दीबाबत मला स्पष्ट बोलले पाहिजे. काजव्याचा प्रकाश हा नर-मादींचा एकमेकांना शोधण्याचा संकेत आहे. प्रौढ काजवा थोडेच आठवडे जगतो. त्याआधीचे त्याचे दीर्घ आयुष्य ओल्या मातीत, गोगलगायी खात, अळीच्या रूपात गेलेले असते. गाड्यांचे दिवे, मोबाइलची बॅटरी आणि कॅमेऱ्याचा झोत यांमुळे त्या थोड्या दिवसांतील संकेत बुडतात, आणि अनेक जातींच्या माद्या खाली गवतात बसत असल्यामुळे झाडाजवळ जाणारे पाय त्यांनाच चिरडतात. म्हणून काजव्यांसाठी जायचे असेल तर शनिवार-रविवार टाळा, गाडी केंद्रातच ठेवून अंधारात पायी नेणारा मार्गदर्शक निवडा, बॅटरीवर लाल जिलेटिन कागद लावा आणि वाट सोडू नका. सात-आठ माणसे रस्त्याच्या कडेला अर्धा तास अंधारात उभी राहिली की डोळे सरावतात आणि दरीतली सगळी झाडे दिसू लागतात.

पावसाळ्यात अभयारण्य पर्यटकांसाठी बंद असते आणि ते तसेच असावे. त्या दिवसांत मुलांची आवड बेडूक, सरडे आणि कीटक यांकडे असेल तर आजऱ्यामार्गे आंबोलीला जाता येते. आंबोली सिंधुदुर्ग जिल्ह्यात येते, पण आजरा–गडहिंग्लजमधून वाहणारी हिरण्यकेशी तेथेच उगम पावते, आणि त्या उगमाजवळच्या मंदिराच्या कुंडात सापडलेल्या एका छोट्या माशाला २०२० साली हिरण्यकेशी हेच नाव देण्यात आले. पुढच्याच वर्षी ती जागा जैवविविधता वारसा स्थळ झाली. आंबोलीचा वाघासारखे पट्टे असलेला भेक (खरखरीत कातडीचा बेडूक) २००९ साली विज्ञानाला नव्याने कळला, आणि तो त्या एवढ्याशा परिसरातच आढळतो. मलबारी उडता बेडूक डबक्यावर झुकलेल्या पानांत फेसाचे घरटे करतो आणि त्यातून डिंभके, म्हणजे बेडकाची शेपटीवाली पिल्ले, थेट खालच्या पाण्यात पडतात. हे पाहायला जून-जुलैमधील रात्रीची फेरी लागते. अशा फेरीत बेडूक हातात घेऊ देणारा मार्गदर्शक चांगला नाही. बेडूक त्वचेतून पाणी आणि हवा शोषतो, त्यामुळे आपल्या हातावरचे डास पळवणारे मलम, घाम आणि साबण त्याच्या शरीरात जातात.

सुरक्षिततेचा प्रश्न मी टाळणार नाही. जांभ्याच्या सड्यांवर फुरसे असते, रानात घोणस, नाग आणि मण्यार असतात. घोट्याच्या वर येणारे बूट, पूर्ण लांबीची पँट, हात टेकण्यापूर्वी पाहणे आणि अंधारात बॅटरीशिवाय अंगणातही न जाणे एवढ्याने बहुतेक धोका टळतो. तरीही केंद्राला हे विचारावे की सर्पदंशावरचे प्रतिविषाचे इंजेक्शन सर्वांत जवळ कोणत्या सरकारी दवाखान्यात आहे, तेथे पोहोचायला किती वेळ लागतो आणि रात्री गाडी तयार असते का. उत्तर अडखळत आले तर दुसरे केंद्र पाहावे. सिंधुदुर्गातील दोडामार्ग भागात २०१६ पासून माकडताप आढळलेला आहे. तो गोचिडीमुळे पसरतो, म्हणून कोरड्या महिन्यांत त्या बाजूला जाणार असाल तर स्थानिक आरोग्य केंद्राचा सल्ला घ्यावा, पाचोळ्यावर बसू नये आणि परतल्यावर अंग नीट तपासावे. जळवांची भीती मात्र अवाजवी आहे. पावसाळ्यात त्या चिकटणारच. तंबाखूच्या पाण्यात भिजवून वाळवलेले मोजे उपयोगी पडतात, आणि जळू सुटल्यावर रक्त थोडा वेळ वाहत राहते ते तिच्या लाळेतील रक्त गोठू न देणाऱ्या द्रव्यामुळे, त्यात घाबरण्यासारखे काही नाही.

सामानात दुर्बीण असावी, आणि चौघा-पाचांत एक पुरत नाही. आठ पट मोठे दाखवणारी, ४२ मिलिमीटर भिंगाची दुर्बीण दाट जंगलातल्या कमी उजेडाला योग्य असते. जास्त पटीची घेतली तर हात हलतो आणि चित्रही हलते. ती नवी विकत घेऊन थेट जंगलात नेऊ नका. निघण्याआधीचे दोन रविवार सकाळी रंकाळ्यावर किंवा कळंब्याच्या तलावावर मुलांना न्या. वारकरी, पाणकावळे, बगळे पाण्यावर निवांत असतात. त्यांच्यावर नजर न हलवता दुर्बीण डोळ्यांवर आणण्याचा सराव एकदा झाला, की जंगलात शेकरूने फांदी बदलण्याआधी ते मुलांच्या नजरेत येते.

सासूबाईंना घरी ठेवून जाऊ नका. गुडघे दुखणाऱ्या माणसासाठी बसून पाहण्याचा हा प्रकार चालणाऱ्यांपेक्षाही अनुकूल आहे, फक्त केंद्राला आधी सांगितले पाहिजे. पायऱ्या नसलेली खोली, लपणात जमिनीवर बसण्याऐवजी खुर्ची, आणि गाडी जाईल अशा ठिकाणचे फळलेले झाड एवढी व्यवस्था कोणतेही बरे केंद्र करू शकते. उंच शिडीचे मचाण मात्र त्यांच्यासाठी नको. इतर मंडळी पहाटे सड्यावर गेलेली असताना त्या केंद्राच्या व्हरांड्यात चहा घेत बसल्या आणि समोर एखादे जुने उंबर किंवा जांभूळ असले, तर परत येणाऱ्यांपेक्षा त्यांच्याच यादीत जास्त पक्षी असण्याची शक्यता असते.

या कुटुंबासाठी माझी शिफारस अशी आहे. शाळेची परीक्षा संपल्यावर, एप्रिलच्या दुसऱ्या पंधरवड्यात, आठवड्याच्या मधल्या दोन रात्री निवडा. कोल्हापुरातून दाजीपूर सुमारे ८० किलोमीटर आहे. दुपारी जेवून निघालात तर चहाच्या वेळेला पोहोचता. त्या संध्याकाळी काहीही पाहायला न जाता केंद्राच्या आवारात मार्गदर्शकाशी बोला, दुर्बिणी लावून पाहा आणि लवकर झोपा. दुसऱ्या दिवशी पहाटे सडा, दुपारी विश्रांती, साडेतीननंतर पाण्याजवळचे लपण. अभयारण्यातील गाडीची फेरी एकदाच, तिसऱ्या दिवशी सकाळी घ्या, कारण तोपर्यंत मुलांना काय ऐकायचे आणि कोठे पाहायचे हे कळलेले असेल. राधानगरी, आंबोली आणि तिलारी अशी तीन ठिकाणे दोन रात्रींत दाखवणारी सहल कोणी सुचवली तर ती घेऊ नका. तिच्यात जंगलापेक्षा घाटरस्ताच जास्त पाहून होतो. आणि तुमच्याकडे आलेल्या तीन केंद्रांपैकी कोणते घ्यावे हे ठरत नसेल, तर तिघांनाही फोन करून मालकाशी न बोलता मार्गदर्शकाशी बोलू द्या अशी विनंती करा, आणि गेल्या आठवड्यात तुम्ही काय पाहिले, एवढेच त्याला विचारा. जो बोलू लागल्यावर पाच मिनिटे थांबायचे नाव घेत नाही, त्याच्याकडे नोंदणी करा.